कोणत्या कंपनीची घेऊ, भाऊ?

दिवाळी झाली की आमच्या गोंदिया जिल्ह्यात गावोगावच्या मंडया सुरू होतात, आणि त्याच सुमारास मला एक प्रश्न हमखास येतो. "भाऊ, रेकॉर्डिंग ठेवायला एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्यायची आहे. भरवशाची कोणती?" विचारणारे बहुतेक घरचेच. कोणी गावची दंडार टिपतो, कोणी खडी गंमत, कोणी लग्नातली पोवारी गाणी, तर कोणी रोवण्याच्या वेळी आजीला बांधीत बसवून गायला लावलेलं असतं. फार चांगलं काम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण माझं उत्तर ऐकून सगळेच हिरमुसतात. म्हणून आता एकदाच लिहून टाकतो, पुढच्या वेळी वाचायला सांगेन :)

भरवशाची हार्ड डिस्क नावाची वस्तू बाजारात मिळत नाही. भरवशाच्या असतात त्या दोन हार्ड डिस्क. जमल्यास तीन.

"असं कसं? नावाजलेली कंपनी घेतली तर?" बरं. आयबीएमपेक्षा नावाजलेली कोणती? २००० सालच्या सुमारास त्यांची डेस्कस्टार ७५जीएक्सपी नावाची मालिका आली आणि इतकी धडाधड बंद पडू लागली की लोकांनी तिचं बारसं 'डेथस्टार' असं केलं. प्रकरण कोर्टात गेलं. पुढे आयबीएमचा हा धंदाच हिताचीकडे गेला, आणि गंमत बघा, त्याच घराण्यातल्या डिस्क दहाएक वर्षांनी सगळ्यांत कमी बिघडणाऱ्या म्हणून गाजल्या! एसएसडी आली म्हणून हे संपलं असंही नाही. २०२३ मध्ये सॅनडिस्कच्या एक्स्ट्रीम मालिकेतल्या काही पोर्टेबल एसएसडीमधून लोकांचा डेटा अचानक गायब झाला, कंपनीला फर्मवेअर दुरुस्त करून द्यावं लागलं. कंपनीचं नाव खोक्यावर असतं. बिघडते ती विशिष्ट मॉडेलची विशिष्ट डिस्क, आणि ती कधी बिघडणार हे खोक्यावर छापलेलं नसतं. वॉरंटीचं म्हणाल तर तीन वर्षांच्या वॉरंटीत तुम्हाला दुसरी डिस्क मिळते. रिकामी. त्यात आजी नसते.

आता थोडा हिशेब. बॅकब्लेझ नावाची एक अमेरिकन कंपनी आहे, लोकांचा डेटा साठवण्याचा धंदा करते. आपल्याकडच्या लाखो डिस्कपैकी किती बंद पडल्या याचे आकडे ती २०१३पासून उघडपणे छापते. २०२४ सालचा आकडा होता १.५७ टक्के. म्हणजे शंभरात वर्षाला दीड. तोही थंडगार खोलीत, कधी न हलवलेल्या डिस्कचा. आपली डिस्क बॅगेतून देवरीला जाते, एसटीच्या फळीवर आदळते, मे महिन्यात पंचेचाळीसच्या आसपास तापलेल्या खोलीत चालते. बहुतेक पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात चालू असताना ५ ते ३५ अंश एवढंच तापमान लिहिलेलं असतं. वाचा एकदा. तरी आपण तोच दीड टक्का धरू. एका डिस्कवर ठेवलेला ठेवा पहिल्याच वर्षी जाण्याची शक्यता साधारण चौसष्टात एक. दोन डिस्क ठेवल्या तर त्या दोन्ही एकाच वर्षी जाण्याची शक्यता चार हजारांत एक! कोणत्याही कंपनीने कितीही पैसे घेऊन एवढी सुधारणा करून दाखवावी.

मात्र हा हिशेब खरा ठरायला दोन डिस्कचं नशीब वेगळं असलं पाहिजे. एकाच दिवशी एकाच दुकानातून एकाच खोक्यातल्या दोन घेतल्या, एकाच कपाटात ठेवल्या, तर चोर दोन्ही नेईल, पाणी दोन्हींत शिरेल. ८ जानेवारी २००३ला पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मांच्या कोठाराला आग लागली, तेव्हा एका छताखाली ठेवलेलं सगळं एकदम जळालं. ज्या चित्रपटांची दुसऱ्या फिल्मवर दुसरीकडे नक्कल होती, ते उरले. तेव्हा एक डिस्क गोंदियाला, दुसरी अर्जुनीमोरगावच्या बहिणीकडे. भाऊबीजेला जाताच ना? तेव्हा अदलाबदल करा.

दुकानदार वेगाचं पुराण सांगतो, त्याचंही एकदा होऊन जाऊ दे. "रेकॉर्डिंगसाठी ना साहेब? मग फास्टच घ्या." ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ असं चांगल्यापैकी ध्वनिमुद्रण तासाला जेमतेम १ जीबी होतं, म्हणजे सेकंदाला ०.३ एमबीसुद्धा नाही. रात्रभर चाललेली अख्खी दंडार सात-आठ जीबीत मावते. साध्यातली साधी फिरती डिस्क सेकंदाला शंभर एमबी लिहू शकते. आठ माइक वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतले तरी तिला घाम फुटत नाही. वेग व्हिडिओवाल्यांना लागतो, त्यांना घेऊ द्या. आणि मंडईच्या गर्दीत, ढोलकीच्या धक्क्यात, चालू डिस्क खुर्चीवर ठेवून तिच्यावर थेट रेकॉर्ड कशाला करायचं? फिरणाऱ्या डिस्कला पडणं सोसत नाही, आतली सुई तबकडीला टेकली की संपलं. रेकॉर्डरच्या कार्डावर टिपा, घरी येऊन दोन्हीकडे उतरवा, दोन्हीकडची फाइल उघडून ऐका, मगच कार्ड पुसा. महागड्या रफ-टफ एसएसडीच्या पैशात साध्या दोन डिस्क येत असतील तर दोन घ्याव्यात. यूएसबीच्या वायरवरच चालणारी छोटी बघा, वेगळा अॅडॉप्टर लागणारी मोठी नको, आपल्याकडची वीज आपल्याला माहीत आहे. एसएसडी आधीच घेतली असेल तर ती वर्षानुवर्षं कपाटात बंद ठेवू नका, वीज न मिळता फार काळ पडून राहणं तिला मानवत नाही.

असो. हे सगळं तांत्रिक झालं. माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे.

आपल्याकडे एकुलत्या एका प्रतीचा मोठा अभिमान असतो. "हे फक्त माझ्याकडे आहे" असं म्हणताना माणसाची छाती फुगते. माइकवर वीस हजार घालतो, दुसऱ्या डिस्कचं नाव काढलं की "पाहू जी, पुढच्या हंगामात." गी पॉयटवां आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. १९९०च्या दशकात बर्नार बेल यांनी त्यांतल्या कितीतरी डॅट टेपवर मुद्रित केल्या. त्या काळी डॅट म्हणजे शेवटचा शब्द. २००५मध्ये सोनीने डॅटची यंत्रं बनवणंच थांबवलं. तरी २०१७पासून त्या ओव्या 'पारी'वर आपण ऐकतो, तोवर काही गायिका हयातही नव्हत्या. टेप टिकाऊ होती म्हणून हे झालं नाही. कोणीतरी त्या वेळेवर दुसरीकडे उतरवून घेतल्या आणि जपून पुढे सोपवल्या म्हणून झालं. कपाटात किल्ली लावून ठेवल्या असत्या तर आज किल्ली उरली असती.

यावर लगेच येणारा मुद्दाही ठाऊक आहे. "प्रत दिली की कोणीतरी यूट्यूबवर टाकतो आणि पैसे तो खातो." ही भीती खोटी नाही. खडी गंमतीच्या शाहिराचं पोट सुपारीवर असतं, त्याची परवानगी न घेता त्याचा फड फुकट वाटणं मलाही पटत नाही. पण मग त्याला विचारा, काय द्यायचं काय नाही ते कागदावर लिहून घ्या. बहिणीच्या कपाटात ठेवलेली डिस्क काही आपणहून यूट्यूबवर जात नाही. आणि ज्यांचा आवाज आहे त्यांच्याच घरी प्रत द्यायला काय हरकत? रोवण्याची गाणी सांगणाऱ्या किती बायांच्या घरी त्यांचं स्वतःचं गाणं आहे, विचारून बघा एकदा. नातवाच्या फोनमध्ये एमपीथ्री टाकून द्यायला दहा मिनिटं लागतात. दर्जा कमी असतो, कबूल. उद्या तुमच्या दोन्ही डिस्क गेल्या तर त्याच नातवाच्या दारात उभं राहावं लागेल, तेव्हा तो बिट किती हे विचारणार नाही.