कर्नेलमधला कुलमुखत्यार

कळमेश्वरचा संत्रा बागायतदार पुतण्याच्या नावे मुखत्यारपत्र करून देताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून घेतो: अधिकार एकाच कामापुरता, की साऱ्या व्यवहारांचा? हे शहाणपण संगणकाच्या गाभ्यात, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलमध्ये, फार उशिरा पोहोचले.

युनिक्समध्ये प्रत्येक प्रोग्राम कोणाच्या तरी ओळखीने चालतो. डेनिस रिची यांच्या 'सेट-यूआयडी' या युक्तीने (पेटंट १९७९) दुसऱ्याने सुरू केलेला प्रोग्रामही मालकाच्या अधिकाराने चालू लागला. अशा उसन्या अधिकाराचा धोका १९८८ मध्ये नॉर्म हार्डी यांनी युनिक्सबाहेरच्या एका घटनेतून दाखवला. टाइमशेअर कंपनीतल्या कंपायलरला आपली आकडेवारी नोंदवण्यासाठी सिस्टिमच्या डिरेक्टरीत लिहिण्याची मुभा होती. बिलांची फाइलही तिथेच होती. एका वापरकर्त्याने आपल्या आउटपुटसाठी नेमके त्याच फाइलचे नाव दिले आणि कंपायलरने बिले इमानेइतबारे पुसून टाकली. काम सांगणारा एक, अधिकार दुसऱ्याचा. आणि कंपायलरला हा फरक कळण्याची सोयच नव्हती.

लिनक्समध्ये ही सोय डेव्हिड हॉवेल्स यांनी केली. मार्च २००९ च्या २.६.२९ आवृत्तीत प्रक्रियेची सारी ओळखपत्रे 'क्रेड' नावाच्या एका स्वतंत्र रचनेत आली. चालू ओळखपत्रात खाडाखोड नाही. बदल हवा तर नवी प्रत काढायची, दुरुस्त करायची आणि मग जुनीच्या जागी ठेवायची. कर्नेलमधल्या सेवेला काही काळापुरती वेगळी ओळख धारण करून परतताही येऊ लागले. पुढच्याच आवृत्तीत आलेल्या 'कॅशफाइल्स'ला याचीच गरज होती. नेटवर्कवरून आलेल्या फाइलची प्रत ती डिस्कवर ठेवते; फाइल मागणारा कोणीही असो, ती प्रत सेवेच्याच नावावर राहायला हवी.

रचना उत्तम होती, पण तिच्यात एक कोरा कागद राहून गेला. कर्नेलसाठी ओळखपत्र घडवणाऱ्या फंक्शनला कोणाचे ते सांगितलेच नाही, तर ते थेट सर्वाधिकारी 'रूट'चे ओळखपत्र हाती देई. कर्नेलमध्ये शिरकाव केलेल्या हल्लेखोरांनी ही एक ओळ जणू तोंडपाठ केली होती. हा दोष हल्लेखोरांच्या चातुर्यापेक्षा रचनाकारांच्या सोयीस्कर गृहीतकाचा अधिक. कोऱ्या मुखत्यारपत्राचा अर्थ 'काहीच नाही' असा व्हायला हवा होता. इथे तो 'सर्व काही' असा झाला. ती दुरुस्ती व्हायला जवळपास चौदा वर्षे लागली. फेब्रुवारी २०२३ मधल्या ६.२ आवृत्तीपासून कोरी मागणी नाकारली जाते.