बाबा, बॅटरी आणि आंबा घाट

गेल्या गणपतीत इलेक्ट्रिक गाडी घेऊन मी पहिल्यांदाच गावी गेले. पुण्यातून निघताना सोसायटीतल्या यच्चयावत काकांनी एकच प्रश्न विचारला, ‘मध्येच बंद पडली तर?’ मी मस्त हसले. आपला अभ्यास पक्का होता ना!

माझी बॅटरी ४० युनिटची. कागदावर रेंज ४५० किलोमीटरच्या आसपास. पण कागद एसी लावत नाही, शंभरच्या स्पीडने पळत नाही. हायवेला २८० मिळाले तरी पार्टी! त्यामुळे कराडला थांबले, फास्ट चार्जर लावला, मिसळ खाल्ली. मिसळ संपेपर्यंत गाडी ८५ टक्क्यांवर. (८० नंतर चार्जिंगचा वेग एकदम मंदावतो. तेव्हा १०० चा हट्ट सोडा, मागे रांगेत उभा असलेला माणूस दुवा देईल.)

आंबा घाट उतरताना तर सॉलिड गंमत. ब्रेकऐवजी मोटरच गाडी आवरते आणि वीज परत बॅटरीत जाते. आकडा चक्क तीनने वाढला! साखरप्याच्या पुढं आमचं घर. पोचले तेव्हा पन्नास टक्के शिल्लक. मी बाबांना टेचात म्हटलं, ‘बघितलंत?’

बाबा म्हणाले, ‘परत जाताना घाट चढायचाय, अगं.’

पुढचे चार दिवस आरत्या, मोदक, मामाकडे, मावशीकडे. आकडा ३८ वर आला. पाचव्या दिवशी विसर्जन आणि सहाव्या दिवशी पहाटे बाबांना घेऊन पुण्याला निघायचं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन, तारीख महिन्याभरापूर्वी घेतलेली. विसर्जनाहून आल्यावर मी ऐटीत गाडीबरोबरचा चार्जर पंपाच्या १५ अँपिअरच्या सॉकेटला लावला. लाल दिवा! पुन्हा लावला. पुन्हा लाल.

कारण? अर्थिंगच नाही. जुन्या घरात फ्रिज चालतो, पंप चालतो, पण चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि नसेल तर सरळ नकार देतो. तुमच्या जिवासाठीच. ॲपवर दिसणारा जवळचा फास्ट चार्जर गाठला तर तो बंद. हिशोब मांडला. कराडपर्यंत शंभर किलोमीटर म्हणजे ३५ टक्के, घाटाच्या चढाचे वरचे ७. हातात आता तेवढेही नव्हते. पोटात गोळाच आला. बाबा शांतपणे म्हणाले, ‘मी एस.टी.नं येतो.’ हे रागावण्यापेक्षा वाईट.

शेवटी वाडीतला वायरमन रात्री नऊला आला. अंगणात खड्डा, त्यात लोखंडी रॉड, मीठ, कोळसा. पावसानं माती ओलीच होती. अकराला हिरवा दिवा लागला आणि मला त्या क्षणी दुसरी आरती म्हणावीशी वाटली! सकाळी सातला ९० टक्के. पहाटेचं निघणं तेवढं हुकलं.

तेव्हा दोस्तहो, लांब जाणार असाल तर एवढं करा. मुक्कामी पोचल्याच्या दिवशीच चार्जर लावून बघा, निघायच्या आदल्या रात्री नाही. घरी आधी फोन करून अर्थिंग विचारा. एका चार्जरच्या भरवशावर राहू नका, त्याच्या पुढचा दुसरा गाठता येईल एवढी बॅटरी राखा. गाडी आठवडाभर नुसती उभी राहणार असेल तर फुल्ल करून ठेवू नका, निम्म्याच्या आसपास बरी. आणि घाटाचा हिशोब दोन्ही बाजूंनी करा. उतरताना देतो त्याच्या दुप्पट तो चढताना घेतो.

ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाल्यावर बाबांनी गाडीतला आकडा चष्म्याशिवाय वाचला आणि म्हणाले, ‘माझी स्कूटर रिझर्व्हला लागायच्या आत मी पंप गाठायचो. तुझ्या गाडीत नवीन काय आहे?’

काय बोलणार!