यमूसाठीं गाळलेले अश्रू

जीं माणसें कधीं जन्मलींच नाहींत, त्यांच्या मरणाचा माणसानें शोक करावा, हा प्रकार विचार करूं गेलें असतां मोठा चमत्कारिक वाटतो. कादंबरीचीं पानें उलटतां उलटतां घरांतील एखादी सून पदरानें डोळे टिपते. व्यवहारांत कठोर म्हणून नांवाजलेला गृहस्थ नाट्यगृहाच्या अंधारांत हळूच रुमाल काढतो. गोष्टींतलें हरिणाचें पाडस मेलें म्हणून दहा वर्षांची मुलगी त्या रात्रीं पानावरून उपाशी उठते. अशा वेळीं कोणी तरी वडीलधारें माणूस हटकून म्हणतें, "अगं, तीं सारीं खोटीं माणसें! त्यांच्यासाठीं कसलें रडतेस?" हा प्रश्न दिसावयास साधा आहे, परंतु त्याचें उत्तर तितकें सोपें नाहीं. तें शोधूं लागलें म्हणजे फिरून फिरून आपण आपल्याच घराच्या ओसरीवर येऊन उभे राहतों.

हें रडणें केवळ बायकामुलांचें, किंवा अलीकडच्या हळव्या पिढीचें, असें ज्यांस वाटतें त्यांनीं थोडें मागें वळून पाहावें. इंग्लंडांत सॅम्युएल रिचर्डसन यानें 'क्लॅरिसा' ही प्रचंड कादंबरी १७४७ व १७४८ या सालांत टप्प्याटप्प्यानें प्रसिद्ध केली. नायिकेचा शेवट दुःखाचा होणार, अशी कुणकुण लागतांच लँकेशायर परगण्यांतील एका प्रतिष्ठित घराण्यांतल्या बाईनें खोटें नांव धारण करून ग्रंथकर्त्यास पत्रें लिहिलीं, कीं कांहींही करा पण क्लॅरिसेस वांचवा. रिचर्डसन यानें पत्रांचीं उत्तरें मोठ्या आदरानें दिलीं. पण कथानक बदललें नाहीं. क्लॅरिसा मेली. पुढें ती बाई आणि रिचर्डसन यांचा पत्रव्यवहारानें दीर्घ स्नेह जडला.

तीच गोष्ट चार्ल्स डिकन्सची. १८४० व १८४१ सालीं त्याची 'दि ओल्ड क्युरिऑसिटी शॉप' ही कादंबरी आठवड्याआठवड्यास प्रसिद्ध होत होती. तींतील नेल नांवाची कोवळी मुलगी आतां मरणार, हें दिसूं लागतांच तिला जगवा, अशीं विनवणीचीं पत्रें त्याजकडे येऊं लागलीं. डिकन्स स्वतःही तो प्रसंग लिहितांना व्याकुळ झाला होता. त्याची मेहुणी मेरी १८३७ सालीं अवघ्या सतराव्या वर्षीं वारली होती आणि नेलचें मरण लिहितांना ती जुनी जखम पुन्हां वाहूं लागली. म्हणजे त्या खोट्या मुलीच्या पाठीशीं एक खरी मुलगी उभी होती.

तिसरें उदाहरण शेरलॉक होम्स याचें. आर्थर कॉनन डॉईल यास आपल्या या मानसपुत्राचा कंटाळा आला आणि १८९३ सालच्या डिसेंबरांत 'स्ट्रँड' मासिकांतून त्यानें होम्सला स्वित्झर्लंडांतील रायखेनबाख धबधब्याच्या दरींत लोटून दिलें. वाचक संतापले, त्यांनीं डॉईलला रागाचीं पत्रें धाडलीं. आणि शेवटीं १९०३ सालीं ग्रंथकर्त्यास होम्स जिवंत करून परत आणावा लागला.

या तीन प्रकारांत एक भेद आहे, तो ध्यानांत घेण्याजोगा आहे. होम्सच्या वाचकांचें दुःख हें बहुतांशीं आपली करमणूक हिरावली गेली याचें दुःख होतें. ती परत मिळतांच तें मिटलें. क्लॅरिसेसाठीं आलेल्या पत्रांत मात्र निराळी कळ होती. एका निरपराध मुलीवर तिच्याच घरच्यांनीं व एका नराधमानें असा अन्याय करावा आणि तो तसाच राहावा, हें वाचणारीस सहन होत नव्हतें. एक अश्रू आपल्यासाठीं गळतो, दुसरा दुसऱ्यासाठीं. दोन्ही खारटच, पण त्यांची किंमत एक नव्हे.

आपल्या साहित्यशास्त्रानें या कोड्याचा विचार फार पूर्वींच केला आहे. भरतमुनींनीं शोक हा करुणरसाचा स्थायीभाव सांगितला. आणि दहाव्या-अकराव्या शतकाच्या संधींत काश्मिरांत होऊन गेलेल्या अभिनवगुप्तानें शोकापासून आस्वाद कसा निपजतो, याची फोड केली. रंगभूमीवरील दुःख 'माझें' नसतें, 'शत्रूचें' नसतें, कोणा परक्याचेंही नसतें. तें साधारण होतें, म्हणजे तुमचें-आमचें असे कप्पे गळून पडतात. म्हणूनच तें दुःख आपण निर्भयपणें अनुभवूं शकतों. खऱ्या दुःखापाशीं आपला स्वार्थ, आपली भीति, आपला अभिमान पहारा करीत असतो; कल्पित दुःखापाशीं तो पहारा उठतो. म्हणून जो गृहस्थ घरीं कधीं विरघळत नाहीं, तो नाट्यगृहांत विरघळतो. त्यास ढोंगी म्हणूं नये. त्याचें हृदय तेथें आहे. फक्त घरीं त्याच्या दारास कडी आहे.

परंतु नाट्यगृहांतून बाहेर पडल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. तो भवभूतीनें 'उत्तररामचरिता'च्या सातव्या अंकांत ज्या रीतीनें मांडला आहे, तिला तोड नाहीं. गंगेच्या तीरावर वाल्मीकींनीं रचिलेलें नाटक अप्सरा करून दाखवीत आहेत. प्रेक्षकांत स्वतः राम बसला आहे. नाटकांत टाकून दिलेली गर्भवती सीता शोकानें गंगेंत उडी घालते, तेव्हां राम आपण प्रेक्षक आहों हें विसरून व्याकुळ होतो, आणि हें नाटक आहे, अशी आठवण लक्ष्मणास त्यास करून द्यावी लागते. आतां हा प्रेक्षक कोण, हें पाहा. रंगभूमीवरील सीता ज्याच्या आज्ञेनें वनांत गेली, तोच हा. रडविणारा आणि रडणारा येथें एकच आहे. आणि भवभूति त्यास रडवून घरीं पाठवीत नाहीं. खरी सीता त्याच्यासमोर आणून उभी करतो, जमलेल्या प्रजाजनांसही अरुंधतीकडून जाब विचारवितो, आणि मगच तिचा स्वीकार होतो. अश्रूंनंतर कांहीं तरी करावयाचें असतें, हें या अंकाचें मर्म आहे.

हेंच मर्म मनांत धरून आपल्या मराठी वाङ्मयांतील एका प्रसंगाकडे वळूं. हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं पुण्यास 'करमणूक' नांवाचें साप्ताहिक काढलें आणि त्यांतूनच 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः छापली. १८९३ पर्यंत ती चालली. यमू स्वतःच्या तोंडानें आपली हकीकत सांगते. तिचें बालपण, दुर्गी ही तिची दुर्दैवी मैत्रीण, रघुनाथरावांसारखा समंजस नवरा, मुंबईंतले ते थोडे दिवस जेव्हां तिला मोकळा श्वास मिळाला. आणि मग वैधव्य, सासरीं परत येणें, शंकरमामंजींचा जाच, व तिच्या मनाविरुद्ध झालेलें तिचें केशवपन. मराठी वाचकांच्या कितीएक पिढ्यांनीं त्या पानांवर डोळ्यांतून पाणी काढलें आहे.

पण तीं पानें जेथें वाचलीं जात होतीं, तीं घरें कशीं होतीं? पुण्या-मुंबईच्या ज्या पांढरपेशा घरांत त्या साप्ताहिकाचा अंक येई, त्याच प्रकारच्या घरांत एखादी आत्या, एखादी काकू, आलवण नेसून, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून, पहांटेपासून सोंवळ्यांत चुलीपाशीं राबत असे. माजघरांत यमूची कहाणी वाचून उसासे पडत. स्वयंपाकघरांतल्या यमूला कोणी हांक मारी ती पाणी तापलें कीं नाहीं, एवढें विचारण्यापुरती. कागदावरच्या यमूचे केस गेले म्हणून जीव कळवळे. आणि घरांतल्या यमूच्या डोक्यावर ठराविक दिवशीं वस्तरा फिरे, तेव्हां परसदाराकडे पाहण्याचें सगळे टाळीत. कादंबरीला दिलेल्या नांवांतला प्रश्न जगाला उद्देशून आहे असें वाचणारास वाटे. वस्तुतः तो त्यालाच होता.

लक्षांत घेणारे अगदींच नव्हते असें नाहीं. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदासदन उघडलें व पुढल्याच सालीं तें पुण्यास आणलें. १८९० सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रोत्साहनानें नाभिक मंडळींनीं सभा भरवून, विधवांच्या केशवपनासाठीं आपण वस्तरा हातीं धरणार नाहीं, असा निर्धार केला. ही गोष्ट आपण सुशिक्षितांनीं विसरूं नये. ज्यांना आपण अडाणी समजत होतों, त्यांनीं आपला रोजगार सोडण्याची तयारी दाखविली, आणि ज्यांच्या घरांत पुस्तकें होतीं, ते वाद घालीत बसले. १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं शारदासदनांतील एका विधवेशीं विवाह केला. त्याबद्दल मुरूड या त्यांच्या गांवीं त्यांच्यावर बहिष्कार पडला. तरी १८९६ सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रमाचें काम आरंभिलें. हें सारें एका कादंबरीमुळें झालें, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण ज्या काळांत हें घडलें, त्याच काळांत ती लिहिली जात होती, आणि तिचे वाचक दोन वाटांनीं जाऊं शकत होते. कोणी डोळे पुसून अंक मिटला. कोणी डोळे पुसून दार उघडलें.

अश्रूंना आणखी एक आडवाट असते, तीही सांगितली पाहिजे. राम गणेश गडकरी १९१९ सालच्या जानेवारींत वारले, आणि त्यानंतर महिन्याभरांत त्यांचें 'एकच प्याला' गंधर्व नाटक मंडळीनें बडोद्यास रंगभूमीवर आणलें. बालगंधर्वांची सिंधू पाहून प्रेक्षक हुंदके देत. दारूनें घराची धूळधाण कशी होते, तें दाखविणारें हें नाटक. परंतु पुष्कळांनीं त्यांतून घरीं नेलें तें निराळेंच. जात्यावर दळणारी, उपाशी राहणारी, नवऱ्याविरुद्ध शब्द न काढणारी सिंधू पाहून 'बायको असावी तर अशी' असा निष्कर्ष काढण्यास कितीशी अडचण पडते? अशा वेळीं अश्रू दुःखाचा निषेध करण्याऐवजीं दुःखाची पूजा करूं लागतात. सहन करणारीचा देव्हारा मांडला, म्हणजे तिचें सहन करणें थांबविण्याची जबाबदारी आपोआप संपते.

आज काळ बदलला आहे. केशवपन इतिहासजमा झालें, साप्ताहिकाची जागा दूरचित्रवाणीच्या रोजच्या मालिकेनें घेतली. १९८७-८८ मध्यें दूरदर्शनवर रामायण चालूं असतां घरोघरीं यंत्रास हार घालीत, ओंवाळीत, तें पुष्कळांच्या आठवणींत असेल. आज एखाद्या मालिकेंतील सुनेचा छळ पाहून कुटुंबेंच्या कुटुंबें हळहळतात, आणि त्या पात्राचें काय होणार, यावर भ्रमणध्वनीवरून नातलगांत चर्चा झडते. यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र तीच मालिका पाहतांना शेजारच्या खोलींत बिछान्यास खिळलेल्या आजीची हांक कोणास ऐकूं येत नसेल, किंवा भांडीं घासणारी बाई आज लंगडत कां आली, हें विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नसेल, तर शंभर वर्षांपूर्वींचें माजघर अद्याप आपल्याबरोबर चालत आलें आहे, असें समजावें.

म्हणून आरंभींच्या त्या वडील माणसांस विनंति एवढीच, कीं रडणाऱ्या मुलीस थट्टेनें गप्प करूं नका. पाडसासाठीं जी आज रडली, तिच्या हृदयाच्या दाराची कडी अजून सैल आहे. ती आपण होऊन घट्ट करण्याची घाई कशास? "खोटीं माणसें" म्हणून तिला लाजविण्यापेक्षां, "असें खरें कोणी आपल्या पाहण्यांत आहे का गं?" एवढें विचारावें. गोष्टीचें काम तेथून पुढें सुरू होतें.

मोठ्यांसाठीं प्रश्न याहून थोडा कडू आहे. कादंबरी वाचणारा प्रत्येक जण स्वतःस यमू समजतो. निदान रघुनाथराव तरी समजतो. इतक्या वर्षांत इतक्या लोकांनीं तें पुस्तक वाचलें, पण त्यांत स्वतःस शंकरमामंजी म्हणून ओळखणारा वाचक सांपडणें कठीण. तरी शंकरमामंजी घरोघरीं होते, नाहीं तर यमू झालीच नसती. तेव्हां पुढच्या खेपेस एखाद्या कल्पित दुःखानें डोळे भरून आले, तर ते खुशाल भरूं द्यावे. मात्र ते पुसतांना, या कथेंत आपण कोणाच्या जागीं आहों, एवढें एकदां स्वतःस विचारून पाहावें.