मोजणी कोणाच्या खात्यावर?

अमेरिकेचे कामगार आकडेवारी खाते दर महिन्याला नोकऱ्यांची मोजदाद करते. राज्य सरकारांच्या मदतीने प्रत्येक राज्याचा आकडा वेगळा काढला जातो. मालकांना प्रश्न साधाच असतो: महिन्याची १२ तारीख ज्या पगाराच्या मुदतीत येते, त्या मुदतीत तुमच्या पगारपत्रकावर किती माणसे होती? पण उत्तर कोणत्या रकान्यात पडते, हे पाहण्यासारखे आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरची भाकरी झाडूवर आणि कचऱ्याच्या गाडीवर चालते, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

तिथल्या १९९७ च्या उद्योग वर्गवारीत ५६ क्रमांकाचा गट आहे. नाव भारदस्त, ‘प्रशासकीय साहाय्य व कचरा व्यवस्थापन सेवा’. आत डोकावले तर दुसऱ्याच्या कचेरीची झाडलोट करणारे, दारावरचे पहारेकरी, एजन्सीने तात्पुरते पाठवलेले कामगार आणि खाजगी गाडीवर कचरा उचलणारे दिसतात. प्रवासाची तिकिटे काढून देणारेही त्यातच बसवले आहेत!

आता गंमत बघा. एजन्सीचा माणूस मोटारीच्या कारखान्यात राबला तरी तो कारखान्यात मोजला जात नाही, ५६ मध्ये जातो. उलट, नगरपालिकेचा कायम कामगार तोच कचरा उचलतो, पण तो सरकारी नोकरीच्या रकान्यात. म्हणजे एखाद्या शहराने कचऱ्याचे काम कंत्राटदाराला दिले की सरकारी आकडा घटतो आणि ५६ चा वाढतो. रस्ता तोच, झाडूही तोच. शिवाय ही मोजणी नोकऱ्यांची आहे, माणसांची नाही. सकाळी एकीकडे आणि रात्री दुसरीकडे राबणारी बाई दोनदा मोजली जाते. तेव्हा ‘या क्षेत्रात रोजगार वाढला’ असे कोणी म्हटले, तर नवे काम निघाले की जुनेच काम दुसऱ्याच्या खात्यावर गेले, हे आधी विचारावे.

बरे, सरकारी रकान्यात असले म्हणजे सगळे मिळाले, असेही नाही. मेम्फिस शहरातील सफाई कामगार नगरपालिकेचेच होते. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून आडोसा म्हणून एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर कचऱ्याच्या गाडीत मागे शिरले. कचरा दाबण्याचे यंत्र अचानक सुरू झाले आणि दोघेही चिरडून मेले. दप्तरी ते तासावारीचे कामगार, म्हणून नुकसानभरपाईचा हक्क नाही! कुटुंबांच्या हाती एक महिन्याचा पगार आणि अंत्यविधीसाठी ५०० डॉलर पडले. १२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कृष्णवर्णीय कामगारांनी काम बंद केले. त्यांच्या फलकांवर एवढेच लिहिलेले असे: मी माणूस आहे. त्यांच्या पाठीशी उभे राहायला आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिलला त्याच शहरात हत्या झाली. १६ एप्रिलला तडजोड होऊन युनियनला मान्यता मिळाली.

आमच्या मुंबईत तर ‘कामगार’ हा शब्दच पुसण्यात आला होता. कंत्राटावर कचरा उचलणाऱ्यांना कागदोपत्री ‘स्वयंसेवक’ म्हटले गेले आणि मजुरीला मानधन! पहाटे उठून दुर्गंधीत हात घालणारा माणूस हौसेने समाजसेवा करतो, असा त्याचा अर्थ. त्या वेळचा कंत्राटी कामगार कायदा २० किंवा अधिक कामगार असले तरच लागू होई, म्हणून कामाचे तुकडे पाडून एकेका कंत्राटदाराकडे त्याहून कमी माणसे ठेवली गेली. कचरा वाहतूक श्रमिक संघ कोर्टात गेला. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये २,७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश दिला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवून एप्रिल २०१७ मध्ये टिकला. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेत २० चा आकडा ५० झाला आहे. कोणाच्या सोयीसाठी, ते वाचकांना सांगायला नको.

लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे वारसाला नोकरी मिळते ती कायम सफाई कामगाराच्या. कंत्राटावरचा बाप गेला की पोराच्या हाती काय? म्हणून कंत्राटावरच्या भावा-बहिणींनी आपली नोंद कुठे आहे ते स्वतः तपासावे. हजेरीचा कागद, पगाराची पावती आणि भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक घरच्या पेटीत जपून ठेवावा. निधीत पैसे खरेच भरले जातात का, हे शिकल्या-सवरल्या मुलामुलींकडून मोबाईलवर पाहून घ्यावे. आणि नावाकडे विशेष लक्ष द्यावे. कोर्टात जिंकूनसुद्धा त्या २,७०० पैकी कित्येकांची नेमणूक रखडली ती नावातली अक्षरे एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरी होती म्हणून. मुकादमाने घाईत लिहिलेले नाव आधार कार्डाशी ताडून बघा, आणि फरक असेल तर दुरुस्तीचा अर्ज देऊन त्याची पोच घ्या.