आयएसएल यंदा १४ क्लब आणि ९१ सामन्यांत उरकणार. बुलढाण्यातल्या पोरांना याचं काय?

२०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या भरली २५ लाख ८६ हजार. अख्ख्या मिझोरम राज्याची भरली १० लाख ९७ हजार. म्हणजे माणसं मोजायला गेलं, तर एका बुलढाणा जिल्ह्यात दोन मिझोरम बसतात आणि वर जागा उरते.

तरी २०१७ साली देशाची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली ती मिझोरमच्या ऐझॉल एफसीने. आपल्या जिल्ह्याचा एकही क्लब त्या लीगपर्यंत कधी पोहोचलेला नाही.

असं का, याचं उत्तर "त्यांच्या रक्तातच फुटबॉल आहे" एवढ्यावर संपवता येतं. पण खरं उत्तर थोडं रुक्ष आहे. ते स्पर्धेच्या स्वरूपात आहे. पोराला वर्षाला सामने किती मिळतात आणि जिंकल्यावर वर जायची वाट आहे की नाही, यावर सगळं ठरतं. आणि नेमकं हेच स्वरूप यंदा देशाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये बदललंय.

नेमकं काय बदललं?

६ जानेवारी २०२६ ला केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी जाहीर केलं की, इंडियन सुपर लीग १४ फेब्रुवारीपासून सुरू होईल, १४ क्लब खेळतील आणि एकूण ९१ सामने होतील. सामने 'होम आणि अवे' तत्त्वावर होतील, असंही सांगितलं गेलं. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ झाला.

हिशोब सोपा आहे. १४ संघांनी एकमेकांशी एकेकदाच खेळायचं म्हटलं तर ९१ सामने होतात. प्रत्येकाशी घरी एकदा आणि बाहेर एकदा असं दोनदा खेळायचं तर १८२ लागतात. त्यामुळे यंदा 'होम आणि अवे' याचा अर्थ एवढाच, की काही सामने तुमच्या मैदानावर आणि काही दुसऱ्याच्या. प्रत्येक क्लबला मिळणार १३ सामने. १३ हा विषम आकडा, त्यामुळे घरचे आणि बाहेरचे सामने सारखे वाटलेच जाणार नाहीत.

आधीच्या २०२४-२५ च्या मोसमात १३ क्लब होते आणि प्रत्येकाला साखळीत २४ सामने मिळाले होते. म्हणजे यंदा सामने जवळपास निम्म्यावर आले.

दुसरा मोठा बदल म्हणजे बाद फेरी गेली. गुणतक्त्यात जो पहिला, तोच विजेता. उपांत्य फेरी नाही, अंतिम सामना नाही.

ही वेळ आली कशी?

डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आपले व्यावसायिक हक्क १५ वर्षांसाठी आयएमजी-रिलायन्सला दिले. करार ७०० कोटींचा. त्यातूनच २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली आणि ती चालवायला एफएसडीएल ही कंपनी आली.

हा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता. पुढे काय, हे ठरेना. महासंघाच्या घटनेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं. जुलै २०२५ मध्ये एफएसडीएलने क्लबांना कळवलं की नवा मोसम तूर्तास थांबवलाय. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवले. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने घटना मार्गी लावली आणि त्यानंतर महासंघाने हक्कांसाठी निविदा काढली. ७ नोव्हेंबरपर्यंत मुदत होती. एकही बोली आली नाही.

डिसेंबरअखेर मुंबई सिटी एफसीतून परदेशी सिटी फुटबॉल ग्रुप बाहेर पडला. जानेवारीच्या सुरुवातीला सुनील छेत्री, गुरप्रीत सिंग संधू यांच्यासारख्या खेळाडूंवर थेट फिफाला साकडं घालायची वेळ आली. अशा अवस्थेत जे जमलं ते म्हणजे हे ९१ सामने.

बाद फेरी गेली, हे बरं झालं की वाईट?

बरं झालं, असं म्हणायला जागा आहे. आठवा २०२३-२४ चा मोसम. साखळीच्या शेवटच्या सामन्यात मोहन बागानने मुंबई सिटीला २-१ ने हरवलं आणि लीग शील्ड जिंकली. तीन आठवड्यांनी अंतिम सामन्यात त्याच मुंबईने त्याच बागानला कोलकात्यात ३-१ ने हरवलं आणि आयएसएल कप उचलला. मग देशाचा विजेता कोण? दोघांचे चाहते आजही भांडतात, आणि दोघांचंही बरोबर आहे.

टीव्हीला अंतिम सामना लागतो, कारण जाहिरात त्यावर विकली जाते. पण कित्येक महिने सातत्याने खेळलेल्या संघाला एका रात्रीच्या निकालावर मागे टाकणं, हे लीगच्या मूळ कल्पनेत बसत नाही. जगातल्या बहुतेक मोठ्या लीग गुणतक्त्यावरच संपतात. हा बदल नाइलाजाने झाला असला, तरी तो पुढेही टिकायला हरकत नाही.

मग तोटा कुठे आहे?

१३ या आकड्यात. दोनदा खेळण्यात एक न्याय असतो. तू माझ्या घरी ये, मी तुझ्या घरी येतो. एकेरी साखळीत एखाद्या क्लबला तगडे संघ घरच्या मैदानावर मिळतात आणि दुसऱ्याला तेच बाहेर जाऊन खेळावे लागतात. परतफेड नाही. एक वाईट दिवस पूर्ण मोसमाला भोवतो.

त्यात आशियाई क्लब स्पर्धांसाठी मोसमात किमान २४ सामन्यांची अट आहे, म्हणून भारताला सवलत मागावी लागली.

पण खरा फटका बसतो तो राखीव बाकावरच्या पोराला. १३ सामन्यांत प्रत्येक गुण मोलाचा, तेव्हा प्रशिक्षक १९ वर्षांच्या नव्या मुलाला उतरवून जोखीम घेईल का? तो अनुभवी खेळाडूलाच खेळवणार. २४ सामन्यांत नव्याला चार-पाच संधी मिळाल्या असत्या. यंदा एखादी मिळाली तरी पुष्कळ.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही

स्वरूप बदललं की क्लब गळतात, हे आपण पाहिलंय. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड आज नाही. पुणे एफसी गेला, भारत एफसी एका मोसमात आटोपला, डीएसके शिवाजियन्स आणि मुंबई एफसी २०१७ नंतर दिसले नाहीत. आयएसएलमधला एफसी पुणे सिटीही २०१९ मध्ये संपला. प्रत्येकाची कारणं वेगळी होती. पण आयएसएल आल्यावर आय-लीगच्या क्लबांपुढे एक प्रश्न उभा राहिला तो राहिलाच. जिंकून वर जाताच येणार नसेल, तर पैसा ओतायचा कशासाठी? २०१६ मध्ये गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लबने याच पुनर्रचनेला विरोध करत आय-लीग सोडली.

ऐझॉलची गोष्ट इथेच येते. २०१५-१६ मध्ये ते खालच्या पायरीवर घसरले होते. गोव्याचे क्लब बाहेर पडल्यावर त्यांना परत घेतलं गेलं आणि पुढच्याच मोसमात ते विजेते झाले. त्यांचे प्रशिक्षक होते खालिद जमील, जे त्याआधी कित्येक वर्षं मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते आणि आज भारतीय संघाचे आहेत. पण ऐझॉलला आयएसएलमध्ये जागा मिळाली नाही. २०१९-२० पासून आयएसएलला अधिकृतपणे पहिल्या लीगचा दर्जा मिळाला.

वर जायचं दार उघडलं ते २०२२-२३ च्या आय-लीग विजेत्यापासून. पंजाब एफसी, मोहम्मेडन आणि इंटर काशी असेच वर आले. खाली उतरायचं दार मात्र २०२४-२५ पर्यंत उघडलं नाही. २०२४-२५ मध्ये मोहम्मेडन तळाला राहिला, तरी यंदाच्या १४ मध्ये आहेच.

आणि बुलढाणा?

मिझोरममध्ये २०१२ साली स्वतःची प्रीमियर लीग सुरू झाली. सामने तिथल्या केबल वाहिनीवर दिसायचे. गावातली पोरं गावातल्या लोकांना टीव्हीवर खेळताना दिसली. ऐझॉल एफसी त्याच मातीतून वर आलं.

आपल्याकडे शालेय फुटबॉल तालुका, जिल्हा, मग अमरावती विभाग आणि मग राज्य असं चढत जातं. स्पर्धा बहुधा बाद पद्धतीची. सकाळी पहिल्या सामन्यात हरलात, की दुपारी परतीची एसटी. त्या पोराचा वर्षाचा फुटबॉल तिथेच संपला. आयएसएलचे १३ सामने कमी म्हणून आपण हळहळतो, पण इथे एकावरच खेळ आटोपतो.

आता एक हिशोब करून बघा. जिल्ह्यात १३ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याचा एक संघ धरला, तर बाद पद्धतीत १२ सामन्यांत विजेता मिळतो. पूर्ण साखळी खेळवली तर ७८ सामने लागतात, आणि संग्रामपूरच्या पोरांनी सिंदखेडराजापर्यंत यायचं म्हणजे खर्च आलाच. पण मधला मार्ग आपल्या जिल्ह्याने आधीच आखून ठेवलाय, घाटावर आणि घाटाखाली. घाटाखालचे सात संघ आपसांत खेळले तर २१ सामने. घाटावरचे सहा खेळले तर १५. दोन्हीकडचे पहिले एकमेकांशी खेळले की एकूण ३७ सामने. प्रवास कमी, आणि प्रत्येक पोराला किमान पाच सामने पक्के.

दिल्लीत आयएसएलचं काय व्हायचं ते होवो. पुढच्या मोसमात दुहेरी साखळी परत यायला हवी आणि तळाचा क्लब खाली उतरायला हवा, एवढी मागणी देशभरातल्या फुटबॉलप्रेमींनी लावून धरावी. पण शिडीची पहिली पायरी मुंबईत किंवा कोलकात्यात नसते. मुंबई-हावडा रेल्वेमार्ग फुटबॉलवेड्या दोन शहरांना जोडतो आणि मधे मलकापूर, नांदुरा, शेगाववरून जातो. फुटबॉल त्या मार्गावरून इतकी वर्षं आपल्यासमोरून नुसता जातोय. तो इथे थांबायचा असेल, तर आधी पोरांना दुसरा सामना मिळायला हवा.

तुमच्या तालुक्यात पोरांना वर्षाला किती सामने मिळतात? कमेंटमध्ये नक्की सांगा.