कामाला लागला, पण टिकला नाही

परवा सुट्टी काढून अमरावतीला घरी गेलो होतो. एक दिवस मोकळा मिळाला म्हणून अकोल्याला मामाकडे चक्कर मारली. (2022 साली 105 तासांत 75 किलोमीटर डांबर टाकून गिनीज विक्रम केला, तोच हा रस्ता. त्यावर पुन्हा कधीतरी.)

मामाची एमआयडीसीत छोटी दालमिल आहे. मागच्या वर्षी एका वकील मित्राने, पोराला विचारूनच, सगळं खरं सांगून एक 19 वर्षांचा मुलगा कामाला पाठवला. चोरीच्या प्रकरणात काही महिने निरीक्षणगृहात राहून आलेला. पोरगा हुशार, आठवड्यात मशीन शिकला. बाराव्या दिवशी आलाच नाही. चार दिवसांनी उगवला तेव्हा त्याच्या जागेवर दुसरा होता.

"काहून नाही आला म्हणून विचारलं, तर मान खाली घालून उभा. सांगतलं असतं तर मी काय खाल्लं असतं का त्याले?" इति मामा.

नंतर वकिलाकडून कळलं. पहिल्या दिवशी बाल न्याय मंडळापुढे तारीख होती. ती चारचौघांत कशी सांगायची म्हणून बोलला नाही. बाकीचे तीन दिवस, आता मालक बोलेल म्हणून घरीच बसला. बास. एवढ्यावर नोकरी गेली.

मला माझी पहिली नोकरी आठवली. दुसऱ्याच आठवड्यात सकाळच्या मीटिंगला मी चक्क झोपून राहिलो. टीम लीड म्हणाला, "अरे, उशीर होणार असेल तर एक एसएमएस टाकत जा." झालं, विषय संपला. प्रोबेशन हा शब्द माझ्याही वाट्याला आला होता, पण माझ्या प्रोबेशनमधल्या चुका 'लर्निंग कर्व्ह' ठरल्या. शिवाय पहिला पगार होईपर्यंत खोलीचं डिपॉझिट, मेस, बसपास सगळं बाबांनी भरलं. ज्याला रोज संध्याकाळी हजेरीचे पैसे हातात मिळायची सवय आहे, त्याने महिनाभर डबा आणि ऑटोचे पैसे कुठून आणायचे? याचा विचार आपण करतो का हो?

2015 च्या बाल न्याय कायद्यात कौशल्य प्रशिक्षण आहे, 18 नंतर संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी आर्थिक मदतीची तरतूदही आहे. शिवण, सुतारकाम, कंप्युटर शिकवणं चांगलंच. पण नोकरी मशीन येत नाही म्हणून क्वचितच जाते. ती जाते रजा कशी मागायची ते माहीत नसल्याने, सुपरवायझर ओरडला की एक तर अंगावर जाण्याने नाही तर निघून जाण्याने. हे शिकवायला वर्ग पुरत नाही, खरी कामाची जागा लागते, आणि चूक झाल्यावर फोन करायला एक माणूस.

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प मुंबईत 1990 पासून चालू आहे. तिथे सुटून आलेल्यांना आधी एखाद्या स्वयंसेवी संस्थेत स्टायपेंडवर कामाला ठेवायची पद्धत आहे. वेळेवर येणं, सांगून जाणं, ही सवय आधी तिथे लागते. मला हे फार पटतं. आमच्या अमरावतीतही 'वऱ्हाड' नावाची संस्था कैद्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी काम करते. असा माणूस मालक आणि पोरगा यांच्या मध्ये पहिले तीन महिने असला, तर माझ्या मामासारखे कितीतरी जण तयार होतील.

मामाचा प्रश्न मात्र खरा होता. "अन् माया मिलमधून काही गेलं तं?" मग पहिल्या दिवशी गल्ल्यावर बसवू नका ना! नवीन पोराला आम्हीही लगेच प्रॉडक्शन सर्व्हरचा पासवर्ड देत नाही. पण जुनी फाईल उकरू नका. प्रकरण चालू असो की निकाली निघालेलं, चारित्र्याच्या दाखल्यातही पोलिसांनी ते सांगायचं नाही, असं हाच कायदा म्हणतो. (16 वर्षांवरच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात मोठ्यांसारखा खटला चालला असेल, तर गोष्ट वेगळी.)

"साध्या पोट्ट्यांना नोकऱ्या नाहीत, आणि यांचे लाड?" हे मित्रांकडून ऐकलंय. अहो, रजा कशी मागायची हे त्या साध्या पोट्ट्यांनाही कुणी सांगत नाही. त्यांनाही सांगा.

निघताना मामाला विचारलं, त्या पोराचा नंबर आहे का? म्हणाला, "बंद हाय." मग फाटकापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, वकील अजून एका पोराचं विचारून राह्यला. "या टायमाले मीच विचारीन, बाबू तारीख कधी हाय तुही."