कळसाआधी पाया? मोन भाषेपुरते उलटे

क, ख, ग, घ, ङ. ब्रह्मदेशातली मोन मुले मुळाक्षरे याच क्रमाने घोकतात. नीट ऐकले तर एक गंमत कळते. 'क' आणि 'ख' मोकळ्या आवाजात येतात; 'ग' आणि 'घ' आले की आवाज खोल जातो, श्वास मिसळतो, पुढचा स्वरही बदलतो. 'ग'चा जुना उच्चार केव्हाच गेला, पण लिपीने त्याची जागा राखून ठेवली.

यांतली बरीच मुले मोन राष्ट्रीय शाळांत शिकतात. न्यू मोन स्टेट पार्टीशी जोडलेली शिक्षण समिती या शाळा चालवते. प्राथमिक वर्ग मोनमधून भरतात, माध्यमिक वर्गांत बर्मी वाढत जाते आणि वरच्या वर्गांत शिकवणे बर्मीतूनच चालते. कारण शेवटी सरकारी मॅट्रिक द्यायची असते. विद्यापीठाचे दार तिच्यावाचून उघडत नाही, आणि आत गेल्यावर कारभार बर्मीत आणि इंग्रजीत.

मोन भाषेला विद्यापीठात पूर्ण वाढीचा विभाग, पदवी आणि शिक्षक-प्रशिक्षण मिळावे, असे म्हटले की चार आक्षेप हमखास पुढे येतात. एकेक घेऊ.

पहिला आक्षेप शहाणपणाचा वाटतो: आधी पाया, मग कळस; प्राथमिक शाळा भक्कम करा, विद्यापीठाचे पुढे बघू. घर बांधताना हे खरे आहे. शिक्षणात मात्र वरची परीक्षा खालचा अभ्यासक्रम ठरवते. माझ्या मुलाला पुढे बर्मीतच शिकायचे आहे, हे ज्या आईबापांना ठाऊक आहे, ते त्याला मोनमध्ये किती वर्षे ठेवतील? शिवाय पाया घालायला गवंडी लागतात. मोन शिकवणारा शिक्षक स्वतः मोन व्याकरण, मोन वाङ्मय, मोन इतिहास कुठे शिकणार? वर विभाग नाही म्हणून खाली शिक्षक नाही, आणि खाली विद्यार्थी नाहीत म्हणून वर विभाग नाही. हे चक्र वरूनच तोडावे लागते.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा आहे. भाषा मठांनी जगवली, पुढेही तेच जगवतील! मठांचे ऋण कोणीही नाकारणार नाही. उन्हाळ्याच्या सुटीत आजही मठामठांत मोनचे वर्ग भरतात. पण थायलंडकडे बघा. १७५७ मध्ये बर्मी राजा अलौंगपायाने मोनांची राजधानी पेगू जिंकली, मोनांचे शेवटचे राज्य बुडाले आणि मोनांचे लोंढे सयामात, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, गेले. तिथे त्यांच्या भिक्षूंना मोठा मान मिळाला. पुढे राजा झालेला मोंगकुट भिक्षू असताना मोन भिक्षूंच्या शिस्तीने भारावला आणि त्यातून त्याने धम्मयुत पंथ उभा केला. मठाला याहून मोठी प्रतिष्ठा ती कोणती? तरीही मध्य थायलंडमधल्या त्या वस्त्यांत आज नातवंडे थाई बोलतात. रत्चबुरी प्रांतातल्या वाट मुआंग मठाच्या संग्रहालयात मोन ताडपत्रे जपून ठेवली आहेत. ताडपत्र मठ सांभाळू शकतो. ते वाचणारी पुढची पिढी घडवायला शाळा लागते, आणि शाळेला वर विद्यापीठ लागते.

तिसरा आक्षेप फुटीरपणाचा. भाषेला विद्यापीठ दिले की उद्या वेगळे राज्य मागतील, म्हणे. हा आक्षेप घेणाऱ्यांनी आपल्याच इतिहासाकडे पाहावे. बर्मी लिपी मोन लिपीवरून आली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पगानचा बर्मी राजा क्यान्झित्था याने आपल्या राजवाड्याचा शिलालेख मोन भाषेत कोरवला; त्याचे राज्य त्यामुळे फुटले नाही. आमच्या रत्नागिरीत ज्याने नजरकैदेत आयुष्य काढले तो थिबा राजा अलौंगपायाच्याच घराण्यातला शेवटचा. ते घराणे मोन शाळांमुळे बुडाले नाही, इंग्रजांच्या तोफांमुळे बुडाले. आणि ज्या मोन शाळांवर आज संशय घेतला जातो, त्या आपल्या मुलांना सरकारी परीक्षेला बसवण्यासाठी स्वतःहून बर्मी शिकवतात. वेगळे व्हायचे असते तर हा खटाटोप कशाला केला असता?

चौथा आक्षेप पोटाचा. तोच सर्वांत खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. मोनची पदवी घेऊन नोकरी कुठे? विभाग उघडून नुसती भेंडोळी वाटली तर हा आक्षेप जिंकेल, हे मान्य. पण थायलंडच्या समुत साखोनला जाऊन बघा. तिथल्या मासळीच्या कारखान्यांत मोन मजूर मोठ्या संख्येने राबतात. दवाखान्यात, कामगार कचेरीत, कोर्टात त्यांचे म्हणणे नेमके मांडणारा जाणकार दुभाषी हवा असतो. इकडे ब्रह्मदेशातल्या मोन राज्यात शिक्षक हवेत, परिचारिका हव्यात, पुस्तके लिहिणारे हवेत. काम पडलेच आहे. ते मोनमधून करणाऱ्याला शिक्षण आणि पगार देण्याची तयारी मात्र कोणाची नाही.

आता मंडन. विद्यापीठाने नेमके काय करायचे? मोन भाषेचे लेख सहाव्या शतकापासून सापडतात. मोन राजा धम्मचेती याचे पंधराव्या शतकातले कल्याणी शिलालेख पाली आणि मोन या दोन भाषांत आहेत. एवढी सामग्री असताना आधुनिक कोश कोणी केले? हॅलिडे यांचा मोन-इंग्रजी कोश १९२२ मध्ये बँकॉकला छापला. शॉर्टो यांनी लंडनमध्ये बसून १९६२ मध्ये बोलीभाषेचा आणि १९७१ मध्ये शिलालेखांचा कोश दिला. या विद्वानांना नमस्कारच केला पाहिजे. पण हे कोश इंग्रजीतून आहेत. मोन मुलाला आपल्या आजीचा शब्द इंग्रजीच्या पायऱ्या चढून शोधावा लागतो. मोनमधून मोनचा कोश, मुलांसाठी गणित-विज्ञानाची परिभाषा, शिलालेखांच्या सुबोध आवृत्त्या आणि दरवर्षी तयार होऊन बाहेर पडणारे शिक्षक, ही कामे मौलम्याइनमध्ये, म्हणजे जुन्या मोलमीनमध्ये, व्हायला हवीत. जोडीला थायलंडमधल्या एखाद्या विद्यापीठाने सीमेपलीकडच्या मोनांसाठी दार उघडावे. तंत्राची सबब आता चालणार नाही. मोनची खास अक्षरे २००८ मध्येच युनिकोडमध्ये आली आहेत.

पगानजवळच्या म्यिंकबा गावी १११३ सालचा म्याझेदी शिलास्तंभ सापडला. त्याच्या चार बाजूंवर एकच मजकूर चार भाषांत आहे: पाली, प्यू, मोन आणि बर्मी. बर्मीला राजसत्ता मिळाली. पाली कोणाचीच मातृभाषा उरली नाही, तरी मठांत आणि विद्यापीठांत ती रोज शिकवली जाते. प्यू बोलणारे संपले. १९११ मध्ये अभ्यासक ब्लॅग्डेन यांनी याच दगडाच्या आधाराने ती पुन्हा वाचायला सुरुवात केली. आज प्यूचा वर्ग काढला तर ती घरी बोलत वाढलेला एकही शिक्षक मिळणार नाही. मोनचा वर्ग काढला तर मिळेल. तो आहे तोवरच वर्ग काढला पाहिजे.